टोळीची निष्ठा आणि घराची माया



‘मिर्झापूर’ या मालिकेच्या पहिल्याच भागात एक वरात निघते. शहराच्या अनभिषिक्त मालकाचा मुलगा मुन्ना त्या वरातीत नाचता नाचता पिस्तूल झाडतो आणि गोळी लागते ती नवरदेवाला. नवरदेव मरतो. त्याचा बाप न्यायासाठी रमाकांत पंडित नावाच्या सरळमार्गी वकिलाकडे जातो. वकील खटला घेतो. त्याला धमकावण्यासाठी मुन्ना घरी येतो, तेव्हा वकिलाची दोन तरुण मुले, गुड्डू आणि बबलू, त्याला चोप देतात. मुन्नाचा बाप कालीन भैया या दोघांना शिक्षा करण्याऐवजी आपल्या पदरी नोकरी देऊ करतो. मुले ती पत्करतात. येथून पुढे मालिका त्या दोन भावांची होते. त्यांचे धाडस, त्यांची बंदूक, त्यांचे प्रेम, त्यांचे वैभव. आणि ज्याचा मुलगा वरातीत मेला, त्या बापाचे काय? त्याच्याकडे वळून पाहण्याची मालिकेला फारशी सवड नाही. पाहणाऱ्यालाही त्याची आठवण राहत नाही, आणि विचार करण्यासारखी गोष्ट नेमकी हीच आहे.

या मालिकेचा पहिला हंगाम १६ नोव्हेंबर २०१८ रोजी आला, दुसरा २३ ऑक्टोबर २०२० रोजी आणि तिसरा ५ जुलै २०२४ रोजी. ती प्रौढांसाठी आहे असे पडद्यावर लिहिलेले असते. परंतु ती ज्या मोबाइलवर पाहिली जाते तो मोबाइल घरात कोणाच्या हाती असतो, हे प्रत्येक आईवडिलांना ठाऊक आहे. शिव्या, रक्तपात आणि उघडीवाघडी दृश्ये यांमुळे घरातली वडीलधारी माणसे अशा मालिकांवर नाराज असतात. ती नाराजी रास्त आहे. तथापि शिवी ऐकून मुलगा बिघडतो, एवढ्यावरच आपली चिंता थांबली तर खरा प्रश्न हातातून निसटतो. शिव्या मुलाला गावातही ऐकू येतात. मालिका त्याला जे देते ते वेगळेच आहे. ती त्याला निष्ठा देते आणि प्रेम देते. मित्रासाठी जीव देणारा मित्र, शब्दाला जागणारा भाई, सगळ्या जगाशी वैर पत्करून हात न सोडणारी प्रेयसी. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनाला याचीच भूक असते. ती भूक वाईट नाही. उलट ज्या मुलाला ती लागतच नाही, त्याचीच काळजी करावी.

मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. १९९८ साली ‘सत्या’ आला. भिकू म्हात्रे हा मुंबईच्या टोळीतला मराठी गुंड घराघरांत लाडका झाला. मनोज बाजपेयींचा अभिनय तसा होताच. सत्या आणि भिकू यांची मैत्री हा त्या चित्रपटाचा प्राण आहे. भिकूचा घात होतो तेव्हा सत्या गणेश विसर्जनाच्या गर्दीत त्याचा सूड घेतो आणि अखेर आपल्या प्रेयसीच्या दारात मरतो. टोळीची निष्ठा आणि प्रेम, दोन्ही एकाच चित्रपटात. पुढच्याच वर्षी महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ आला. पावभाजीची गाडी चालवणारा रघू एका भांडणातून खुनी होतो, टोळीत शिरतो, सोन्याने मढून घरी येतो आणि शेवटी त्याची आईच त्याच्यावर गोळी झाडते. रीमा लागूंनी उभी केलेली ती आई आजही पुष्कळांना आठवते. या दोन चित्रपटांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्यांत घर होते. भिकूचे घर, रघूचे घर, चाळीतली भिंत, चूल, वडिलांची अबोल अस्वस्थता. गुंडाने घराचे काय केले, हे पाहणाऱ्याला दिसत होते. ‘वास्तव’ ज्या १९९९ साली आला, त्याच वर्षी मुंबईतल्या टोळ्या मोडण्यासाठी महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा केला. तोच ‘मकोका’. पडद्यावर आणि विधिमंडळात एकच विषय एकाच वर्षी होता.

अडीच तासांचा चित्रपट आणि आठ-दहा भागांची मालिका यांत एक मोठा फरक आहे, आणि तो केवळ लांबीचा नाही. चित्रपट संपतो. नायक मरतो, दिवे लागतात, माणूस घरी जातो. मालिकेला पुढचा हंगाम हवा असतो. त्यामुळे तिला शेवट परवडत नाही. एका सूडातून दुसरा सूड जन्माला यावा लागतो आणि पाहणारा वर्षानुवर्षे त्याच टोळीच्या संगतीत राहतो. इतका सहवास आपल्याला चुलतभावाचाही घडत नाही! सहवासातून आपलेपणा येतो, आणि आपलेपणा आला की न्याय-अन्यायाची मोजमापे आपोआप बदलतात. आपल्या माणसाने मारले तर तो पराक्रम, दुसऱ्याने मारले तर तो खून.

आता या निष्ठेकडे जरा बारकाईने पाहावे. ‘मिर्झापूर’मध्ये कंपाउंडर नावाचा मुन्नाचा एक मित्र आहे. मुन्नासाठी तो काहीही करायला तयार असतो. मुन्नाच्या सांगण्यावरून तो अखेर प्रत्यक्ष कालीन भैयावर उठतो. बेत फसतो, कंपाउंडर पकडला जातो, आणि आपले नाव त्याच्या तोंडून बाहेर पडू नये म्हणून मुन्ना स्वतःच्या हाताने त्याचा गळा चिरतो. मालिका लिहिणाऱ्यांना श्रेय द्यायचे तर येथे द्यावे. त्यांनी हे लपवलेले नाही. टोळीतली निष्ठा खालून वर जाते, वरून खाली कधीच येत नाही, हे त्यांनी स्वतःच दाखवले आहे. ‘सत्या’तही भिकूला मारतो तो शत्रू नव्हे. ज्याच्यासाठी त्याने माणसे मारली तो भाऊच त्याला मारतो.

प्रेमाचेही तेच. गुड्डूवर जीव लावणारी स्वीटी त्याच्याशी लग्न करते आणि पहिल्या हंगामाच्या अखेरीस एका लग्नघरात, पोटात मूल असताना, गोळ्यांना बळी पडते. बबलूही तेथेच मारला जातो. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी तरुण मन या गोष्टीत गुंतते, भावाची साथ आणि प्रेमाची सोबत, त्या दोन्ही पहिल्याच हंगामात रक्तात बुडतात. पण मालिका तेथे थांबते का? ते रक्त दुसऱ्या हंगामाचे भांडवल होते. शोक करायला कोणाला वेळ नसतो. रमाकांत पंडितांच्या घरातला शोक खरा आहे. मुलगा गेला, सून गेली. पण कॅमेरा त्या घरात फार वेळ बसत नाही. तो गुड्डूबरोबर बाहेर पडतो.

मिर्झापूरच्या खऱ्या रहिवाशांना या मालिकेने काय दिले, तेही सांगण्यासारखे आहे. गालिच्यांसाठी प्रसिद्ध असलेले, विंध्यवासिनीच्या दर्शनाला देशभरातून लोक जातात असे हे शहर. दुसरा हंगाम येताच ऑक्टोबर २०२० मध्ये तेथील खासदार अनुप्रिया पटेल यांनी जिल्ह्याची बदनामी होत असल्याची जाहीर तक्रार केली. जानेवारी २०२१ मध्ये तेथील पोलीस ठाण्यात मालिकेच्या निर्मात्यांविरुद्ध गुन्हाही नोंदवला गेला. एका जिल्ह्याचे नाव देशभर विशेषणासारखे वापरले जाऊ लागले. बाहेरगावी गेलेल्या मुलाने आपल्या गावाचे नाव सांगावे आणि समोरच्याने हसावे, ही वेदना ज्याची त्यालाच कळते.

बीड जिल्ह्याला ही वेदना आता समजावून सांगावी लागत नाही.

केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी भर रस्त्यातून अपहरण झाले आणि अमानुष मारहाण करून त्यांची हत्या करण्यात आली. त्याआधी तीन दिवस, ६ डिसेंबरला, गावाच्या शिवारातील पवनचक्की प्रकल्पाच्या आवारात काही तरुण घुसले आणि तेथल्या रखवालदाराला त्यांनी मारहाण केली. सरपंच मदतीला धावले. या प्रकल्पाच्या कंपनीकडे दोन कोटी रुपयांची खंडणी मागितली गेली होती, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. खंडणीच्या आड आलेला माणूस आणि ६ डिसेंबरला झालेला अपमान, या दोन्हींचा सूड उगवला गेला, असे आरोपपत्राचे सांगणे. जानेवारी २०२५ मध्ये या प्रकरणात मकोका लावण्यात आला. मुंबईच्या टोळ्यांसाठी केलेला कायदा पंचवीस वर्षांनी मराठवाड्यातल्या एका खेडेगावाच्या प्रकरणात लावावा लागला. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. कोण दोषी आणि कोण निर्दोष हे न्यायालय ठरवील, व्यासपीठाने ते ठरवू नये.

परंतु एक तपशील असा आहे की, जो आजच्या विषयाला थेट भिडतो. मारहाण चालू असताना तिची छायाचित्रे आणि चित्रफिती आरोपींच्याच मोबाइलवर काढल्या गेल्या, असे तपासात पुढे आले. ती छायाचित्रे मार्च २०२५ च्या आरंभी लोकांसमोर आली, तेव्हा महाराष्ट्र हादरला. ४ मार्चला राज्याच्या एका मंत्र्यांनी राजीनामा दिला. माणसाने माणसाला मारणे हे जगाच्या आरंभापासून चालू आहे. पण मारताना चित्रण करावे, ते कोणाला तरी दाखवावे असे वाटावे, याचा अर्थ काय? पूर्वीचा गुन्हेगार अंधार शोधत असे. पुरावा मागे राहू नये म्हणून धडपडत असे. येथे पुरावा कौतुकाने तयार केला गेला. आपल्यालाही कोणीतरी पाहत आहे, आपलाही एक पडदा आहे, ही जाणीव त्यामागे असल्याशिवाय असे घडत नाही.

अमुक मालिका पाहिली म्हणून तमुक खून झाला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मालिका खंडणी मागत नाही. खंडणीला पैसा लागतो आणि पैशाच्या वाटा या जिल्ह्यात स्पष्ट दिसतात. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख, गोदावरीच्या पात्रातली वाळू, माळरानावर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या. जेथे फुकटात उचलता येईल किंवा अडवून पैसे काढता येतील असे काही असते, तेथे दहा-वीस पोरे हाताशी धरणारा माणूस उभा राहतो. जिल्ह्यात शस्त्रपरवान्यांची संख्या बाराशेच्या वर गेली होती, हे २०२४ च्या अखेरीस उघड झाले आणि त्यानंतर प्रशासनाने परवाने रद्द करण्यास सुरुवात केली. कमरेला पिस्तूल लावून, हवेत गोळ्या झाडून चित्रफिती टाकणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. वरातीत पिस्तूल झाडणारा मुन्ना आठवतो तो येथे. मालिकेने बंदूक दिली नाही. बंदूक हातात आल्यावर कसे उभे राहायचे, कसे पाहायचे, मागे कोणते संगीत लावायचे, हे मात्र तिने शिकवले.

बोलण्यातही हा बदल दिसतो. आपल्याकडे ‘भाऊ’, ‘दादा’, ‘अण्णा’, ‘आबा’ ही नात्यांची नावे. घरातल्या कर्त्याला, गावातल्या वडीलधाऱ्याला लावायची. मुंबईच्या टोळ्यांनी ‘भाई’ आणि ‘भाऊ’ उचलला. मस्साजोगच्या घटनेनंतर ‘आका’ हा शब्द जिल्ह्यातल्या राजकीय भाषणांतून लहान पोरांच्या तोंडी गेला. खरा दादा धाकट्यांना आधी वाढून मग जेवतो. फलकावरचा दादा पोरांना पुढे घालून स्वतः मागे थांबतो. नात्याचा शब्द तोच राहतो आणि आतला अर्थ उलटा होतो. आणखी एक लक्षणीय गोष्ट म्हणजे, २०२५ च्या सुरुवातीला बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पट्ट्यांवरून आडनावे काढून केवळ पहिले नाव ठेवण्याचा निर्णय घेतला. वर्दीकडे पाहताना लोक आधी जात शोधू लागले होते, हे त्यामागचे दुखणे. टोळीचे राजकारण शेवटी येथेच येऊन पोचते. माणूस पैशासाठी मारतो आणि त्याच्या पाठीशी उभी राहण्यासाठी जात बोलावतो. समाजाला दुभंगवणारी याहून सोपी युक्ती नाही.

मग हा मुलगा टोळीकडे जातो कसा? या जिल्ह्यात त्याचे उत्तर ऊसतोडीच्या फडात निम्मे सापडते. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी गाड्यांत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे चार-सहा महिने, घराला कुलूप किंवा घरात म्हातारी आणि शाळकरी नातवंडे. आईबापाच्या कष्टाला तोड नाही. मुलगा शिकावा म्हणूनच ती त्याला मागे ठेवतात. पण सोळा वर्षांच्या त्या मुलाला संध्याकाळी ‘कुठे होतास?’ असे विचारणारे घरात कोणी नसते. ते विचारतो चौकातला कोणीतरी. तोच चहा पाजतो, तोच वाढदिवसाला केक आणतो, फलकावर त्याचे छायाचित्र लावतो, पोलीस ठाण्यातून सोडवून आणतो. मुलाला वाटते, हा आपला माणूस. त्याची निष्ठा खोटी नसते, हे लक्षात घेतले पाहिजे. खोटी असते ती पलीकडची बाजू. पुढे तो तुरुंगात गेला की भेटीच्या दिवशी रांगेत कोण उभे असते? उसाच्या फडातून खाडा करून आलेली आई.

मध्यमवर्गीय घरांनी हे ऐकून निश्चिंत होऊ नये. ज्याचे आईवडील रात्री आठला घरी येतात आणि साडेआठला आपापल्या मोबाइलमध्ये बुडतात, त्या मुलाच्या संध्याकाळीही रिकाम्याच असतात. त्याला चौकातला दादा भेटत नाही, एवढेच. त्याला पडद्यावरचा भेटतो.

या मातीने निष्ठेचे दुसरे रूप पाहिलेले आहे. १९३५ साली स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला आले आणि योगेश्वरी विद्यालयाच्या कामाला लागले. निजामी राजवटीत मराठी शाळा चालवणे हेच धाडस होते. १९३८ च्या सत्याग्रहात आणि पुढे १९४८ च्या सप्टेंबरपर्यंतच्या लढ्यात मराठवाड्यातले विद्यार्थी घर सोडून बाहेर पडले, तुरुंगात गेले, काही परत आले नाहीत. वय तेच, रक्त तेच, सवंगड्यांसाठी जीव टाकण्याची ओढही तीच. मात्र त्यांच्या नेत्याने त्यांना पुढे घालून स्वतः मागे राहण्याचा मार्ग पत्करला नाही. स्वामीजी स्वतः वारंवार कारावासात गेले. त्या मुलांना जे मिळवायचे होते ते त्यांच्यापैकी एकाच्याही घरात येणार नव्हते, सगळ्या मुलखाला मिळणार होते. हे पोरांना शाळेच्या धड्यात चार ओळींत सांगून भागत नाही. त्यावर कोणी मालिका काढली नाही, हेही तितकेच खरे, आणि ज्यांना ‘मिर्झापूर’वर राग आहे त्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नाही. अंबाजोगाईचे ते दिवस आठ भागांत सांगण्याइतके नाट्य आपल्याजवळ नक्कीच आहे.

आणि फार मागे तरी कशाला जायचे? ६ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या शिवारात जे घडले, त्यात निष्ठा कोणाची होती? एका रखवालदाराला मार पडतो आहे, एवढे कळल्यावर गावचा सरपंच तेथे गेला. तो रखवालदार त्याच्या जातीचा नव्हता, त्याच्या घरचा नव्हता, गावाचा होता. मालिका लिहिणाऱ्याला या माणसात नायक दिसणार नाही. त्याच्या कमरेला काही नाही, त्याच्या मागे संगीत नाही. त्याच्या घरी बारावीच्या परीक्षेला बसलेली मुलगी होती. वडिलांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी तिने ती परीक्षा दिली आणि मधल्या काळात न्यायासाठी निघालेल्या मोर्चांमध्येही ती उभी राहिली. २८ डिसेंबरला बीडमध्ये सर्वपक्षीय मोर्चा निघाला, तेव्हा गर्दीत सगळ्या जातींची माणसे होती. घराची माया म्हणजे काय, हे पाहायचे तर ते येथे होते. त्याला कॅमेरा लागत नाही, आणि कॅमेरा लागला तरी तिचे काही वाढत नाही.

घरोघरी काय करता येईल, याचा विचार करताना बंदीची मागणी पहिली येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशा मालिकांसाठी नियम केले. वयानुसार वर्गवारी सक्तीची झाली, लहानांच्या हाती जाऊ नये म्हणून कुलपाची सोय ठेवणे बंधनकारक झाले. ते कुलूप किती घरांत लावलेले आहे? बहुतेक ठिकाणी संकेतशब्द मुलानेच तयार केलेला असतो आणि वडील त्यालाच विचारतात. हे आधी दुरुस्त करावे. त्याला पाच मिनिटे लागतात. मोठ्या मुलाच्या बाबतीत मात्र कुलपाने काम होत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला ‘बघू नकोस’ म्हटले की तो मित्राच्या घरी बघतो. त्याच्याशेजारी एकदा बसावे. कानकोंडे व्हायला होईल, ते सोसावे. आणि उपदेश न करता, भाग संपल्यावर त्याला एवढेच विचारावे, आज जे मेले त्यांची नावे काय होती? बहुधा त्याला सांगता येणार नाहीत. मालिकेने ती सांगितलेलीच नसतात. मग त्यांपैकी एखाद्याच्या घरी संध्याकाळी काय झाले असेल, हे त्यालाच रचायला सांगावे. पोरे हुशार असतात. ती रचतात.

ऊसतोडीच्या गावांत काम अधिक आहे. गाळप सुरू झाले की मागे राहिलेल्या चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांची यादी गावातल्या चार जबाबदार माणसांनी करावी. शिक्षकांकडे ती बहुतेक तयारच असते. मारुतीच्या पाराजवळ, शाळेच्या खोलीत, जेथे दिवा आहे तेथे रोज दोन तास त्यांना एकत्र बसवावे. अभ्यास, कबड्डी, वाचन, नुसत्या गप्पाही चालतील. एखादा मुलगा आला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात जाऊन आजीला विचारावे. पट्टा पडून आईबाप परत येतील तेव्हा मुलगा कोणाच्या ओट्यावर बसलेला सापडतो, ते त्या चार-सहा महिन्यांत ठरलेले असते.